वाचनालयात काय मागावे आणि घरी काय न्यावे

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. बरीच वर्षे बाहेरगावी राहून एक कुटुंब आता नागपुरात मनीषनगरला स्थायिक झाले आहे. मुलगा सहावीत, इंग्रजी माध्यमात शिकतो. मराठी फडाफडा बोलतो, पण वाचताना अडखळतो. सासूबाईंना पोथ्यापुराणांची आणि जुन्या गोष्टींची आवड आहे, मात्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही बारीक अक्षर दिसत नाही. विचारणाऱ्या बाईंचे स्वतःचे वाचन कॉलेजनंतर सुटले. मध्यंतरी त्यांनी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी विकत आणली, ती दीडशे पानांवर अडून बसली. आजच्या काळात वाचनालयाची वर्गणी भरण्यात काही अर्थ आहे का, पुस्तकांखेरीज तिथे काय मिळते आणि सुरुवात कोणत्या पुस्तकांनी करावी, असे त्यांनी विचारले आहे.

अर्थ निश्चित आहे. माझी सगळी नोकरी सार्वजनिक ग्रंथालयाच्या देवघेव विभागात झाली, त्यामुळे हे मत पक्षपाती मानले तरी हरकत नाही. मात्र वर्गणी कुठे भरायची, हे पावती फाडण्यापूर्वी ठरवावे. नागपुरात शासनाचे विभागीय ग्रंथालय आहे, विदर्भ साहित्य संघाचे ग्रंथालय झाशी राणी चौकात आहे आणि वस्त्यावस्त्यांतून संस्थांनी चालवलेली शासनमान्य वाचनालये आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्यानुसार मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा वर्ग आणि त्या वर्गाप्रमाणे अनुदान मिळते. वर्गावरून वाचनालयाचा आकार कळतो, पण तिथे पुस्तके कोणत्या नजरेने निवडली जातात हे कळत नाही. ते पाहण्याची एक साधी रीत आहे. कपाटातली चारदोन मराठी पुस्तके काढून शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखेची चिठ्ठी पाहावी. गेल्या वर्षभरातले शिक्के त्यावर दिसत असतील, तर पुस्तके फिरती आहेत आणि वाचक जिवंत आहेत. सगळे शिक्के दहा वर्षांपूर्वीचे असतील, तर त्या वाचनालयाचा मुख्य व्यवसाय वर्तमानपत्रे मांडून ठेवण्याचा आहे असे समजावे. वर्तमानपत्रांचा विभाग बहुतेक ठिकाणी सर्वांना विनामूल्य खुला असतो, त्यामुळे दोन सकाळी तिथे बसून कर्मचारी वाचकांशी कसे बोलतात हेही पाहता येते. मनीषनगरहून सीताबर्डीपर्यंत मेट्रो असल्यामुळे केवळ जवळचे म्हणून वाचनालय निवडण्याचे बंधन आता उरलेले नाही. दर आठवड्याला जाणे जमेल की नाही याचा मात्र प्रामाणिक विचार करावा, कारण दुर्मीळ ग्रंथांनी भरलेले पण लांबचे वाचनालय उत्साहाच्या पहिल्या दोन महिन्यांनंतर सहसा सुटते.

सभासदत्वासाठी अर्ज, छायाचित्र, पत्त्याचा पुरावा, परत मिळणारी अनामत आणि मासिक किंवा वार्षिक वर्गणी एवढेच लागते. एक पुस्तक, दोन पुस्तके, पुस्तक आणि मासिक असे वर्गणीचे प्रकार असतात. तिघांचे वाचन चालवायचे असेल तर आई आणि मुलगा यांची दोन स्वतंत्र खाती घ्यावीत. मुलाच्या नावाचे कार्ड असले की तो स्वतः पुस्तक बदलायला उभा राहतो. अनामतीची पावती सांभाळून ठेवावी, कारण गाव सोडताना रक्कम परत मागायला आलेल्या सभासदांपैकी पुष्कळांची पावती हरवलेली असते आणि मग जुन्या नोंदवह्या उलटण्यात सगळ्यांचाच वेळ जातो. अनेक वाचनालये सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात आणि दुपारी बंद राहतात, साप्ताहिक सुट्टीही ठिकठिकाणी वेगळी असते. त्यामुळे उन्हातान्हात निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी.

आता सेवेविषयी. वाचनालयाची सर्वांत मोठी सेवा कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते. ती म्हणजे आपल्यासाठी पुस्तक शोधून देणे, आणि बहुसंख्य सभासद ती मागतच नाहीत. काही ठिकाणी कपाटे वाचकांना खुली असतात; काही ठिकाणी अजूनही छापील यादी पाहून चिठ्ठीवर पाच-सहा क्रमांक लिहून द्यावे लागतात आणि त्यांपैकी जे पुस्तक जागेवर असेल ते हातात पडते. दोन्ही ठिकाणी वाचक नावे आधी ऐकलेली पुस्तकेच मागतो, ती बाहेर गेलेली असतात आणि तो हिरमुसून परततो. काही जण ‘काहीतरी चांगले द्या’ म्हणतात. या मागणीला ग्रंथपालाकडे उत्तर नसते. तो मागच्या आठवड्यात ज्याची स्तुती ऐकली तेच पुस्तक पुढे करतो. याउलट, ‘अमुक कादंबरी आणली होती, पण लढायांची वर्णने सुरू झाल्यावर कंटाळा आला, त्याआधीचा वाड्यातला भाग मात्र आवडला’ असे कोणी सांगितले, तर पुढचे पुस्तक निवडणे अगदी सोपे होते. आवडलेल्या पुस्तकापेक्षा सोडून दिलेल्या पुस्तकाची माहिती मला नेहमीच अधिक उपयोगी पडत आली आहे. आवडले म्हणताना माणूस भिडेखातर बोलतो, सोडले म्हणताना खरे बोलतो. परत आलेल्या पुस्तकाची पाने काउंटरवर चाळताना चाळिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला आणि पुढची पाने कोरी करकरीत दिसली, की वाचकाने न सांगताही ते कळते. कोपरा दुमडू नये हे खरे, पण त्या दुमडीवर मी कोणाला रागावलो नाही.

म्हणून आपण पहिल्याच दिवशी ती दीडशे पानांवर अडलेली कादंबरी नावानिशी सांगावी आणि ती का अडली तेही सांगावे. वेळ मात्र पाहून जावे. संध्याकाळी वाचनालय उघडल्यानंतरच्या पहिल्या गर्दीत किंवा बंद होण्याच्या तोंडावर असे बोलणे होत नाही. सकाळची वर्तमानपत्रांची वर्दळ ओसरल्यावर ग्रंथपालाला उसंत असते.

दुसरी दुर्लक्षित सेवा मागणी नोंदवहीची आहे. हवे असलेले पुस्तक संग्रहात नसेल तर त्याचे नाव, लेखक आणि प्रकाशक त्या वहीत लिहावे. अनुदान हप्त्यांनी येते, त्यातला काही भाग ग्रंथखरेदीवर खर्च करावाच लागतो, आणि वर्षअखेरीस अनेक ठिकाणी ही खरेदी घाईने उरकली जाते. त्या घाईत वाचकांच्या मागण्या समोर नसतील, तर विक्रेत्याने दाखवलेल्या यादीवर खुणा केल्या जातात. चरित्रमाला, आरोग्यविषयक पुस्तके आणि यशाची सूत्रे सांगणारी पुस्तके कपाटांतून एवढी का दिसतात, याचे निम्मे उत्तर तिथे आहे. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानकडून १९७२ पासून ग्रंथभेटीच्या रूपाने साहाय्य मिळते, पण तीही निवड आपल्या मोहल्ल्यातल्या वाचकाने केलेली नसते. वहीत दिवाळीच्या सुमारास लिहिलेल्या चार ओळींना त्यामुळे वाटते त्याहून जास्त वजन असते.

संदर्भसेवेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिची गरज रोज पडत नाही. जुने कोश, जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे सरकारी ग्रंथ म्हणजे गॅझेटियर, बांधून ठेवलेली नियतकालिके घरी नेता येत नाहीत, पण बसून पाहता येतात. मुलाला शाळेच्या प्रकल्पासाठी नागपूरचा इतिहास हवा असेल, तर आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेले १९०८ चे नागपूर जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर मोबाइलवर सापडणाऱ्या उतारावजा लेखांपेक्षा केव्हाही चांगले, आणि इंग्रजी माध्यमातला मुलगा ते थोड्या मदतीने वाचू शकेल. मराठी विश्वकोश आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने आता संकेतस्थळांवर विनामूल्य वाचता येतात, हेही चांगला ग्रंथपाल आपणहून सांगतो. वाचनालये आता स्पर्धा परीक्षांच्या मुलांनीच भरलेली असतात, ही तक्रार अर्धीच खरी आहे. अभ्यासिका गजबजलेली असते. कथाकादंबऱ्यांच्या कपाटांपुढे मात्र भरपूर मोकळी जागा असते.

मुलाच्या बाबतीत माझा पहिला सल्ला असा, की ‘श्यामची आई’ने सुरुवात करू नये. पुस्तक थोर आहे. पण वाचनाची गती नसलेल्या मुलाच्या हाती ते ‘हे वाचलेच पाहिजे’ अशा सुरात दिले जाते आणि पुस्तकाबरोबर तो सूरही त्याच्या लक्षात राहतो. त्याच्या बोलण्यातली मराठी आणि छापील मराठी यांतले अंतर कमीत कमी असलेली पुस्तके आधी द्यावीत. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ आणि भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ ही जुनी नावे मी आजही निःशंकपणे सुचवतो, कारण त्यांत वाक्ये लहान आहेत, संवाद पुष्कळ आहेत आणि प्रत्येक प्रकरणात काहीतरी घडते. पहिले प्रकरण मोठ्यांनी वाचून दाखवावे आणि नेमके उत्कंठेच्या जागी स्वयंपाकाची आठवण होऊन उठावे. पुस्तक तिथेच, त्याच्या हाताशी ठेवावे. ही लबाडी सहसा साधते. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत, पण अडखळत वाचणाऱ्या मुलाला कागदावरचा अंकच द्यावा. ओळीवर बोट ठेवून वाचण्याची त्याला गरज असते, आणि पडद्यावर बोट ठेवले की पान सरकते. जोडाक्षरे अडत असतील तर चुकीचा उच्चार लगेच दुरुस्त करू नये, वाक्य संपू द्यावे. पुढच्या ओळीत तो शब्द पुन्हा आला की मूल बहुधा स्वतःच सुधारते. पेंच किंवा ताडोबाची सहल झालेली असेल आणि प्राणी-पक्ष्यांचे वेड असेल, तर वर्षभरानंतर मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांकडे वळवावे. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची वनखात्यातली कर्मभूमी असल्यामुळे आपल्याकडच्या मुलाला त्यांच्या लेखनातले जंगल परके वाटत नाही. बालविभागात मुलाने स्वतः निवडलेले पुस्तक आपल्याला कितीही उथळ वाटले तरी ते घरी येऊ द्यावे. दोन पुस्तकांचे कार्ड असेल तर एक त्याच्या पसंतीचे आणि एक आपल्या, एवढा करार पुरतो.

सासूबाईंचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण मोठ्या टाइपातली मराठी पुस्तके फार थोडी निघतात. वाचनालयात एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या असतील तर दोन्ही मागून टाइप पडताळून पाहावा. नवी आवृत्ती ठळक असेलच असे नाही, आणि कागद पिवळा पडलेला असेल तर मोठे अक्षरही त्यांना पुसट दिसेल. दृष्टिदोषाचे प्रमाणपत्र मिळण्याइतकी अडचण असेल तर ‘सुगम्य पुस्तकालय’ हे २०१६ साली सुरू झालेले ऑनलाइन ग्रंथालय त्यांच्यासाठीच आहे. परंतु त्यांच्या वयाला आणि स्वभावाला सर्वांत मानवणारी सोय म्हणजे कोणीतरी वाचून दाखवणे, आणि त्यासाठी पुस्तक निवडताना कसोटी वेगळी लावावी लागते. लांबलचक निसर्गवर्णने कानाने पेलत नाहीत. प्रसंग छोटे असावेत आणि सांगणाऱ्याचा आवाज ऐकू यावा. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ या कसोटीला जशी उतरतात तसे दुसरे पुस्तक मला सुचत नाही. हसवता हसवता त्या अवघड प्रसंगाशी आणून सोडतात, एका बैठकीत एकदोन प्रसंग सहज होतात, आणि त्यांचे पती ना. वा. टिळकांच्या नागपूर-राजनांदगावच्या दिवसांची पाने आली की सासूबाई मध्येच थांबवून स्वतःच्या आठवणी सांगू लागतील, असा माझा अंदाज आहे. थांबवू द्यावे. पोथ्यांची आवड आहे म्हणून गो. नी. दांडेकरांची नर्मदेच्या परिक्रमेवरची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ त्यानंतर घ्यावी. दांडेकर मूळचे परतवाड्याचे, हे सांगितले की वऱ्हाडातल्या वडीलधाऱ्यांना लेखक आपोआप जवळचा वाटतो. तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ बहुधा घरात असेलच. नसल्यास तिचे एकेचाळीस अध्याय रोज थोडे थोडे वाचण्यासारखे आहेत. त्यांना खरोखरच जुन्यात रस असेल तर चक्रधरस्वामींच्या आठवणींचा महानुभाव ग्रंथ ‘लीळाचरित्र’ सुचवण्याचे धाडस मी करीन. नागपूरच्याच डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आवृत्ती भारदस्त आहे आणि भाषा तेराव्या शतकातली आहे, पण एकेक लीळा अगदी छोटी असते आणि ऐकताना ती वाचण्यापेक्षा लवकर कळते. आधी निवडक लीळांचे एखादे पुस्तक न्यावे. गोडी लागली तरच मूळ ग्रंथाला हात घालावा.

आता आपले स्वतःचे वाचन. सुटलेले वाचन पुन्हा सुरू करताना माणसे एकतर कॉलेजात अर्धवट राहिलेला मोठा ग्रंथ घेतात, नाहीतर ज्याची चर्चा चालू आहे ते पाचशे पानांचे पुस्तक घेतात. दोन्ही निवडींत संकल्पाचा भाग जास्त आणि भुकेचा कमी असतो. पहिले तीन महिने दीडशे-दोनशे पानांच्या आतलीच पुस्तके न्यावीत. पुस्तक बदलण्याच्या तारखेच्या आत ते संपते, आणि संपवल्याचा आनंद या टप्प्यावर फार महत्त्वाचा असतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मी अशा वाचकांना सर्वांत आधी देत आलो. धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर, वाडी उभी करणारा आणि शेवटी तिला उठवणारा पाऊसपाण्याचा हिशेब, आणि एकही फालतू वाक्य नाही. विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ १९३९ चे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेल्या बोटीवरची ही कथा दोन संध्याकाळींत संपते आणि नंतर बरेच दिवस अस्वस्थ ठेवते. ज्यांना आधी कमी दुखणारे हवे असते त्यांना मी माडगूळकर देतो, आणि ज्या वाचकांनी नुसत्या गोड गोड पुस्तकांना कंटाळून वाचन सोडले असेल त्यांना बेडेकर.

नागपुरात परतलेल्या वाचकाने त्यानंतर उद्धव शेळक्यांची ‘धग’ अवश्य घ्यावी. १९६० ची ही कादंबरी कौतिक नावाच्या बाईची आहे. शिंपीकाम करणारा नवरा, दारिद्र्य, आजारपण आणि तरीही संसार उभा ठेवण्याची तिची धडपड. संवाद अस्सल वऱ्हाडीत आहेत. पुण्यामुंबईच्या वाचकांना ते कष्टाने वाचावे लागतात. आपल्याला ते आजीच्या तोंडून ऐकल्यासारखे वाटतील. एवढी मोठी कादंबरी आपल्या भागात होऊन गेली आणि इथल्याच अनेक वाचकांनी ती फक्त अभ्यासक्रमापुरती पाहिली, याची मला खंत आहे. तिच्यानंतर महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’. नाटके वाचायची नसतात, पाहायची असतात, असे म्हणणाऱ्यांना मी हेच पुस्तक देतो. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात वडील गेल्यानंतरचे दिवस, मुंबईहून आलेला धाकटा भाऊ, समोर गंजत पडलेला ट्रॅक्टर. घरात काय बोलले जात नाही हे रंगमंचापेक्षा कधीकधी पानावर जास्त स्पष्ट ऐकू येते. आवडले तर ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ हे पुढचे दोन भाग आहेत, आणि जुन्या वाड्यातले जीवन आपल्याला आवडत असेल तर ते तीनही आपल्या वाचनात येतील असे वाटते.

कवितेबद्दल एकच सूचना करतो. नागपूरचे म्हणून ग्रेस आधी हाती घेण्याचा मोह होतो, आणि ‘संध्याकाळच्या कविता’ उघडून चार पानांवर पुस्तक मिटले जाते. सुरेश भटांचा ‘एल्गार’ आधी घ्यावा, मोठ्याने वाचावा, मग यशवंत मनोहरांची ‘उत्थानगुंफा’ आणि त्यानंतर ग्रेस. ग्रेस समजून घेण्याची घाई करू नये. वाचनालयाची मुदत वाढवून घेता येते. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथेही एक फेरी अवश्य मारावी. आत्मकथने, कविता आणि डॉ. आंबेडकरांचे लेखन यांची जी रेलचेल तिथे असते ती गावातल्या दुकानांत वर्षभर दिसत नाही, आणि तिथे पाहिलेली नावे मागणी नोंदवहीत लिहिण्यासाठी उपयोगी पडतात.

पुस्तक घरी आणल्यावर नागपूरच्या हवेत एक काळजी घ्यावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत कूलरच्या झोतासमोरच्या टेबलावर पुस्तक ठेवू नये. कूलरची दमट हवा कागद शोषून घेतो, पुठ्ठा वाकतो, शिवणीजवळ बुरशीचे करडे ठिपके धरतात, आणि मग पावसाळ्यात ती बुरशी शेजारच्या पुस्तकांवर पसरते. ओले झालेले पुस्तक उन्हात वाळवले तर पाने कडक होऊन तुटतात आणि इस्त्री फिरवली तर डिंक सुटतो. पाने अलगद उघडून सावलीत पंख्याखाली उभे ठेवावे आणि परत करताना ते भिजले होते असे स्पष्ट सांगावे. सांगितलेले पुस्तक वेगळे काढून बांधणीला पाठवता येते, न सांगितलेले तसेच कपाटात जाते. चिकटपट्टी लावून पान जोडण्याचा उपकारही करू नये, कारण काही वर्षांनी तिचा डाग अक्षरांवर उतरतो.

शेवटी दिवाळी अंकांचे. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनांमुळे पुष्कळशी टिकून आहे. थोडी वेगळी वर्गणी भरून तीनचार महिने अंक बदलून नेता येतात. नावनोंदणी दिवाळीच्या आधी सुरू होते, म्हणून दसऱ्याच्या सुमारास चौकशी करावी. पहिल्या पंधरवड्यात नामांकित अंकांसाठी काउंटरवर झुंबड असते आणि ‘बाहेर गेलाय’ हेच उत्तर ऐकावे लागते. त्या दिवसांत कमी ओळखीचे, जिल्ह्याच्या ठिकाणांहून निघणारे अंक न्यावेत; अनेक नवे कथाकार प्रथम तिथेच भेटतात. संक्रांत झाली की गर्दी ओसरते आणि हवा तो अंक जागेवर सापडतो, फक्त तोवर त्यातले शब्दकोडे कोणीतरी पेनाने सोडवलेले असते.